पीठ न खाणाऱ्या मुंग्या

पूर्वी वेत्रवनाच्या काठावरील सुपर्णनगरात विजितसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व बैलांच्या एका व्यापाऱ्याच्या कुळात जन्माला आले. त्यांचे नाव धवलक. ते कुठल्या गुरुकुलात गेले नाहीत. अक्षरे शिकले तीही बैलांच्या पाठीवरच्या डागण्यांवरून. पण त्यांच्या पारखेची कीर्ती अशी की दहा योजनांवरचा शेतकरीसुद्धा आधी धवलकाला विचारी आणि मगच नव्या बैलाच्या वेसणीला हात लावी.

बैल ओळखण्याची त्यांची रीत वडिलांकडून आलेली होती. अंग बघावे, ठाण बघावे, चाल बघावी. अंग म्हणजे दात, खूर, वशिंड, कातडी. ठाण म्हणजे जनावर कुठल्या मातीवर वाढले, कुठल्या गोठ्यात उभे राहिले. चाल म्हणजे ते मोकळे असताना कसे चालते आणि मानेवर जू आल्यावर कसे चालते. तिन्हींचा मेळ बसेपर्यंत तोंडातून शब्द काढू नये. बोधिसत्त्व याबद्दल एक गोष्ट नेहमी सांगत. एका गावच्या कुणब्याने फक्त शिंगे बघून बैल घेतला. शिंगे होतीच तशी, मेण लावून चमकवलेली. नांगराच्या पहिल्याच तासाला बैल खाली बसला तो उठेना. शेवटी कुणबी स्वतः नांगर खांद्यावर घेऊन घरी निघाला, तेव्हा बैल उठला आणि शिंगे मिरवत त्याच्या मागून चालू लागला.

आता सुपर्णनगराची एक रीत सांगितली पाहिजे, कारण सगळी कथा तिच्यावर उभी आहे. त्या नगरात रोज सकाळी प्रत्येक घरातून मूठभर पीठ मुंग्यांच्या बिळापाशी घालत. नवी सून घरात आली की तिचे पहिले काम तेच. मुंग्या पीठ नेत, लोक हात जोडत, आणि मग चूल पेटे. यामागे जुनी समजूत होती: ज्याने नगराचे पीठ खाल्ले तो नगरावर उलटत नाही. ही समजूत हळूहळू मुंग्यांवरून माणसांवर गेली. वेशीवर आलेल्या परक्या माणसाच्या तळहातावर चिमूटभर पीठ ठेवत. त्याने ते जिभेवर टाकले की तो आपला.

या रीतीचा सर्वांत निष्ठावंत पाळणारा होता भद्रशील, राजाच्या कोठाराचा प्रमुख. माणूस सज्जन. कमरेला पिठाची पिशवी बांधल्याशिवाय तो घराबाहेर पडत नसे आणि मुंग्यांनी खाल्ल्याशिवाय स्वतः खात नसे. एकदा सर्दीने नाक बंद असताना त्याने पिठाऐवजी चुन्याची मूठ घातली, आणि चूक कळल्यावर तीन दिवस उपास केला. अशा माणसाला कोण वाईट म्हणेल?

पण या सज्जन माणसाच्या मनात एक काटा होता. दोन वर्षांपूर्वी पाऊस आला नाही, तेव्हा वेत्रवनात राहणाऱ्या मध गोळा करणाऱ्या लोकांच्या पाड्यावर त्याने बारा पोती पीठ पाठवले होते. तिसऱ्या दिवशी बाराच्या बारा पोती वेशीवर परत आली. तोंडाच्या गाठीसुद्धा सुटलेल्या नव्हत्या. भद्रशील कोणाला काही बोलला नाही. त्या दिवसापासून वनाकडे तोंड करून मात्र तो बसेनासा झाला.

पावसाळा सरत आला होता. एका सकाळी भद्रशील कोठाराच्या पायरीशी पीठ घालायला वाकला, तर समोरच्या गवतातून एक दोरी सरकत येताना दिसली. जवळून बघतो तो ती मुंग्यांची रांग. चार बोटे रुंद, आणि मागे शेवट दिसत नव्हता. त्याने हात जोडून पीठ पुढे केले. मुंग्या पिठावरून चालत गेल्या. एकीनेही कण उचलला नाही. त्या पायरीखालच्या बिळात शिरल्या, जिथे भद्रशीलाच्या आजोबांपासून पीठ खाणाऱ्या काळ्या मुंग्या राहत होत्या. थोड्या वेळाने काळ्या मुंग्या तोंडात आपली अंडी घेऊन बाहेर पळाल्या आणि गवताच्या शेंड्यांवर चढून बसल्या. परक्या मुंग्या उरलेली अंडी घेऊन आल्या वाटेने परत गेल्या.

दुपारपर्यंत नगरभर एकच विषय. कोणी म्हणाले, ही वाळवी आहे, आता कोठाराचे खांब गेले. कोणी म्हणाले, पापाचा घडा भरला. संध्याकाळच्या सभेत भद्रशील उभा राहिला आणि त्याने शांतपणे आपले म्हणणे मांडले. या मुंग्या वेत्रवनातून आल्या. यांनी नगराचे पीठ नाकारले. वेत्रवनातून आजवर नगराचे पीठ नाकारणारे दुसरे कोण आहेत? ज्यांनी नाकारले त्यांनीच ही सेना पाठवली. उद्या ही सेना कोठारात शिरेल आणि वर्षाचे धान्य नेईल. नंतर त्यांच्या मागून माणसे येतील.

त्याने उपायही सांगितला. दोन दिवसांनी वारा वनाकडे फिरेल. तिसऱ्या दिवशी दुपारी पाड्याच्या बाजूने वनाला आग लावावी.

पाड्यावर सत्तावीस झोपड्या होत्या. राजा विजितसेन मनाने मऊ होता, तो गप्प राहिला. पण पहिल्या रांगेतल्या एका वृद्धाने मान डोलावली, ती बघून दुसऱ्याने डोलावली, आणि डोलावण्याची लाट मागच्या भिंतीपर्यंत गेली. तिथे बोधिसत्त्व बसले होते. त्यांची मान काही हलली नाही.

त्यांनी हात जोडून विचारले की ही मुंगी नेमकी कोणती, हे कोणी बघितले आहे का. सभेत हसू पिकले. मुंगी ती मुंगी, तिच्यात बघायचे काय?

भद्रशील म्हणाला, "श्रेष्ठी, आता मुंगीचेही दात बघून सौदा करणार का?"

"दात तर आधीच बघेन," बोधिसत्त्व म्हणाले. "महाराज, बैल न बघता मी बैलाला नाव ठेवत नाही. इथे तर माणसांची घरे जाळायची आहेत. तिसऱ्या दुपारपर्यंत मला या मुंगीची पारख करू द्या. ती कोठारातले धान्य नेणार नाही असे मला दिसले, तर त्या दिवशी कोठाराची दारे उघडी ठेवून मी आत बसेन. पारख चुकली तर पहिली पेटती चूड माझ्या गोठ्याला लावा."

राजाला तेवढेच हवे होते. त्याने मुदत दिली. भद्रशीलाला चुडी तयार ठेवायला सांगितले, कारण राजे लोक दोन्ही बैल दावणीला ठेवतात.

दुसऱ्या दिवशी उजाडताच लोकांनी बघितले की नगरातला सर्वांत मोठा बैलव्यापारी भर रस्त्यात पोटावर पालथा पडला आहे आणि त्याचे नाक मुंग्यांच्या रांगेपासून वीतभर अंतरावर आहे. येणारे-जाणारे विचारत, श्रेष्ठी, जोडी जमली का? जू केवढे लागेल? बोधिसत्त्वही हसून म्हणत, अजून दात मोजतोय.

बैलाच्या कातड्यातली गोचीड वेचून तयार झालेली त्यांची नजर होती. त्यांनी पळसाच्या पानावर एक मुंगी घेतली. पहिली गोष्ट, ही वाळवी नव्हती. वाळवी पांढुरकी असते, तिचे अंग सरसकट जाड, कंबर म्हणून नसतेच, आणि मिशा मण्यांच्या माळेसारख्या सरळ. हिची कंबर केसासारखी बारीक, त्या कंबरेत एक गाठ, आणि मिशा कोपरातून वाकवलेल्या हातासारख्या. म्हणजे मुंगीच. रंग जुन्या गुळाचा.

दुसरी गोष्ट विलक्षण होती. एकाच रांगेत मोहरीएवढ्या बारीक मुंग्या होत्या, मधल्या होत्या, आणि मधूनमधून बोटाच्या पेराएवढ्या मोठ्या, ज्यांचे डोके अंगाला न शोभणारे थोराड आणि जबडे दोन विळ्यांसारखे. बोधिसत्त्वांना आधी वाटले की वेगवेगळ्या जातींची सरमिसळ झाली आहे. पण रंग तोच, कंबरेची गाठ तीच, आणि मोठ्या मुंग्या लहानींना हात लावत नव्हत्या. रांगेच्या दोन्ही बाजूंना त्या तोंड बाहेर करून उभ्या होत्या. एकाच आईची लेकरे, कामाप्रमाणे अंग घेतलेली.

तिसरी गोष्ट बघायला त्यांना बराच वेळ लागला, कारण ती असण्याची नव्हे, नसण्याची होती. त्यांनी मुंगी उजेडाकडे धरली, फिरवली, पुन्हा धरली. तिला डोळे नव्हते.

बोधिसत्त्व उठून बसले. ज्या सेनेला सारे नगर घाबरले आहे ती आंधळी आहे, हे त्यांनी कोणाला सांगितले नाही, कारण तिन्हींचा मेळ अजून बसायचा होता. त्यांनी फक्त रांगेवर आडवे बोट फिरवले. रांग तिथे तुटली. पुढच्या मुंग्या निघून गेल्या आणि मागच्या त्या बोटभर जागेपाशी येऊन अडल्या, जणू मध्ये नदी आहे. मिशांनी जमीन चाचपत एक पुढे आली, वास सापडला, रांग पुन्हा जुळली. त्यांनी गूळ ठेवला, तांदूळ ठेवले, तुपाचा थेंब ठेवला. मुंग्यांनी ढुंकून बघितले नाही, आणि बघणार तरी कशाने? मेलेला नाकतोडा ठेवला तेव्हा मात्र दहा जणींनी मिळून तो उचलला.

त्याच दुपारी चौकातल्या विहिरीपाशी गर्दी जमली. रांगेची एक शाखा विहिरीच्या कठड्यावर चढली होती, आणि कोणीतरी घाबरून वाटेवर घागरभर पाणी ओतले होते. वास धुऊन गेला. कठड्यावरच्या मुंग्या मागे वळू शकेनात. पहिली शेवटच्या मुंगीच्या मागे लागली आणि ती सारी पलटण गोल कठड्यावर गरगर फिरू लागली. प्रत्येकीला वाटत होते, पुढची वाट जाणते. लोक मजा बघत होते. काही जणी थकून पडल्या, बाकीच्या त्यांच्यावरून फिरत राहिल्या.

बोधिसत्त्वांनी तासभर ते फिरणे बघितले. त्यांना कालची सभा आठवली, डोलणाऱ्या माना आठवल्या. मग त्यांनी गवतातल्या जिवंत रांगेखालून एक वाळकी काटकी काढली, जिच्यावरून मुंग्या चालून गेल्या होत्या, आणि तिचे एक टोक कठड्याला लावून दुसरे जमिनीवर टेकवले. फिरणाऱ्यांतली एक काटकीपाशी अडखळली, वळली, खाली उतरली. तिच्या मागून दुसरी. थोड्या वेळात कठडा रिकामा झाला.

एक म्हातारा म्हणाला, धवलका, वैऱ्याच्या सेनेला पूल बांधून दिलास. बोधिसत्त्व म्हणाले, वैरी आहे की नाही ते उद्या कळेल, वाट चुकलेली आहे एवढे आज कळले.

अंग बघून झाले, चाल अर्धी बघून झाली. ठाण राहिले होते.

त्याच्या पुढच्या सकाळी ते रांगेच्या उलट दिशेने वनात शिरले. साधी मुंगी राहते तिथे बिळाच्या तोंडाशी मातीचे कडे असते, डोंगळ्यांच्या बिळापाशी टरफलांचा उकिरडा असतो. तसे काही दिसेल म्हणून ते जमीन बघत चालले. रांग उन्हाचा तुकडा आला की पानांखाली जाई आणि सावलीत पुन्हा वर येई. दीड कोसावर एका पोकळ अर्जुनवृक्षाच्या मुळांत ती नाहीशी झाली. तिथे ना बीळ, ना मातीचा ढीग. मुळांच्या बेचक्यात फक्त एक तपकिरी गाठोडे लोंबत होते, दुधाच्या घागरीएवढे. बोधिसत्त्व आणखी जवळ गेले आणि थबकले. ते गाठोडे हलत होते. ते मुंग्यांचेच होते. एकीच्या पायात दुसरीचे पाय अडकलेले, अशा हजारो जणींनी स्वतःच्या अंगाच्या भिंती केल्या होत्या, स्वतःच्या अंगाचे दरवाजे केले होते.

"फार वाकू नकोस लेका, नाक धरतील."

मागे एक म्हातारी उभी होती. खांद्यावर दोरखंड, हाताला मधाचा चिकटा. ती पाड्याची मुखिया, सावरी. नगरात काय ठरले आहे ते तिच्यापर्यंत पोचले होते. पाड्यावरची बिऱ्हाडे बांधायला सुरुवात झाली होती, पण दोन बाया बाळंत होत्या आणि एक म्हातारा चालू शकत नव्हता. तरीही ती मध काढायला आली होती, कारण पोळे आजच पिकले होते आणि पोळ्याला राजाज्ञा कळत नाही.

बोधिसत्त्वांनी तिला नमस्कार केला आणि विचारले, "माय, या कुठल्या मुंग्या? आमच्याकडे यांना सेना म्हणतात."

"सेना?" सावरी हसली. "आम्ही यांना बिऱ्हाड म्हणतो. यांना घर नाही. पोरं पांढऱ्या अळीसारखी, खायला मागणारी असली की रोज उठायचं, रोज नवी जागा. पोरं कोशात झोपली की पंधरा-वीस दिवस एका जागी बसायचं. त्या आत बघ, मधोमध आई आहे. तिला पंख नाहीत. पोटाने एवढी जड की लेकी तिला घेऊन चालतात. तुम्ही तलवारी बघितल्या. आम्ही पाळणा बघतो."

मग ती खाली बसली आणि तिने सगळे सांगितले. या मुंग्या एकेकटी हेर पाठवून वाट शोधत नाहीत, सगळ्या मिळूनच निघतात. त्यांना पुढारी नसतो. जी पुढे असते ती चार पावले जाऊन मागे येते, मग दुसरी पुढे होते. त्या धान्य खात नाहीत, गोड खात नाहीत. किडे, झुरळे, दुसऱ्या मुंग्यांची अंडी, जे हलते ते. म्हणून त्यांच्या पुढे पुढे रानपाखरे उडतात, पळणारे किडे टिपायला. झोपडीत शिरल्या तर पाड्यावरचे लोक बाळे उचलतात, कोंबड्या सोडतात, जनावरांची दावी सोडतात आणि स्वतः झाडाखाली जाऊन बसतात. मोकळ्या जनावराला त्यांची भीती नाही, बांधलेल्याला आहे. दोन-चार घटकांत झोपडी अशी झाडून निघते की सुनेला लाज वाटावी. मोठ्या डोक्याच्या मुंगीचे जबडे जखमेच्या दोन कडांना लावले तर टाका बसतो. सावरीने पोटरी दाखवली, त्यावर अशा टाक्यांची ओळ होती.

बोधिसत्त्वांना आता एकच गोष्ट विचारायची होती, आणि ती मुंग्यांची नव्हती. दुष्काळात आलेले पीठ पाड्याने परत का पाठवले?

सावरीने त्यांच्याकडे असे बघितले की जणू त्यांनी नदी खाली का वाहते असे विचारले. दुष्काळ नगरात होता, ती म्हणाली. रानात कंद होते, मध होता. नगराने स्वतःच्या तोंडातला घास काढून पाठवला, तो ठेवून घेणे बरे दिसते का? म्हणून पोती न उघडता परत केली, आणि त्यांच्यावर मधाचा एक मोठा कुंभ ठेवला, भर म्हणून. त्या कुंभाचा निरोप काही आला नाही. आवडला नसेल, असे पाड्याला वाटले होते.

मग बोधिसत्त्वांनी विचारले की या मुंग्या उद्या कोठारात शिरतील का. सावरीने मुळांमधले गाठोडे बघितले, आतून बाहेर येणाऱ्या पांढऱ्या अळ्या बघितल्या आणि सांगितले की पोरे भुकेली आहेत, बिऱ्हाड उद्या नगरातूनच जाणार. तुमच्या कोठारात किडे असतील तर आत नक्की शिरणार. मग तिने सल्ला दिला: बसायचे तर वाटेत बसू नको, आणि बाकाचे पाय पाण्यात ठेव.

तिसऱ्या दिवशी सकाळी बोधिसत्त्वांच्या सांगण्यावरून राजाज्ञेने नगरातली सारी दावी सुटली. बायका बाळांना काखेत घेऊन नदीकाठी गेल्या. कोठाराची दारे सताड उघडली. आत कणग्यांच्या मध्ये बोधिसत्त्वांनी एक उंच बाक ठेवला, त्याचे चारही पाय पाण्याच्या परातींत, आणि वर चढून बसले. बाहेर मैदानात चुडी घेतलेले लोक उभे होते. वारा वनाकडे फिरला होता.

दाराशी भद्रशील आला. त्याचा चेहरा उतरला होता. तो म्हणाला की तीस वर्षे हे कोठार त्याने राखले आहे, ते लुटले जाणार असेल तर त्याच्या डोळ्यांदेखत लुटले जावे. बोधिसत्त्व बाजूला सरकले. भद्रशील कमरेची पिशवी सावरत परातींवरून पाय टाकून बाकावर चढला.

आधी आवाज आला. वाळक्या पानांवर बारीक भुरभुर पाऊस पडावा तसा. मग उंबरठा तपकिरी झाला. मग भिंत. रांग आत आल्यावर पंख्यासारखी पसरली आणि कणग्यांवर चढली. भद्रशीलाने डोळे मिटले.

"मिटू नका," बोधिसत्त्व म्हणाले. "बघा त्या काय नेतात."

भद्रशीलाने बघितले. कणगीच्या फटींतून झुरळे बाहेर पडत होती आणि मुंग्यांखाली झाकली जात होती. धान्यातून सोंडकिडे ओढून काढले जात होते, हजारोंनी. एवढे किडे आपल्या धान्यात होते हे तीस वर्षे राखणाऱ्यालाही ठाऊक नव्हते. मुंग्या किडे पोटाखाली धरून परत निघत होत्या. एकीच्याही तोंडात दाणा नव्हता. भद्रशीलाने पिशवीत हात घातला आणि सवयीने मूठभर पीठ खाली टाकले. मुंग्या त्यावरून चालत गेल्या.

तो हळू आवाजात म्हणाला, "तरीही खात नाहीत."

"माझ्या बैलापुढे तुम्ही मधाचे पोळे ठेवा, तो तोंड फिरवील. म्हणून तो तुमचा वैरी होत नाही."

"बैलाचे ठीक आहे. पण माणसे? बारा पोती परत आली, श्रेष्ठी. गाठीसुद्धा सोडल्या नव्हत्या."

तेव्हा बोधिसत्त्वांनी त्याला कंदांची गोष्ट सांगितली, आणि मधाच्या कुंभाची. खाली उतरता येत नव्हते, म्हणून भद्रशीलाला सारे शेवटपर्यंत ऐकावे लागले.

"कुंभ माझ्यापर्यंत आला नाही," तो म्हणाला.

"तुमचे पीठ ही परीक्षा आहे, हे त्यांच्यापर्यंत तरी कुठे पोचले होते?" बोधिसत्त्व म्हणाले. "तुम्ही आयुष्यभर दिलेत. समोरचा काय खातो, हे कधी विचारलेत का?"

भद्रशील पिशवीची गाठ सोडत आणि बांधत राहिला.

मध्यान्हापूर्वी आवाज विरळ झाला. मागच्या दाराने रांगेचे शेपूट बाहेर पडले. त्यात मोठ्या मुंग्या दोन्ही बाजूंना उभ्या होत्या आणि मधून लहान मुंग्या आपल्या पांढऱ्या अळ्या पोटाखाली धरून नेत होत्या. मध्ये एक जाड, बिनपंखांची, लेकींनी झाकलेली आई सरकत गेली. राजा स्वतः दाराशी येऊन बघत होता. त्याने कणगीत हात घालून धान्य वर काढले. स्वच्छ धान्य बोटांतून खाली पडले. राजाने मैदानाकडे वळून चुडी पाण्यात बुडवायला सांगितल्या.

मग वेशीवरच्या नंदक नावाच्या रक्षकाला बोलावले. दोन वर्षांपूर्वी पोत्यांबरोबर काही आले होते का, असे विचारल्यावर तो पायाकडे बघू लागला. शेवटी म्हणाला, "महाराज, कुंभाला मुंग्या लागत होत्या. म्हणून आम्ही तो संपवला." एवढ्या भीतीतून सुटलेले नगर त्यावर पोट धरून हसले, आणि नंदकाची शिक्षा त्या हसण्यातच होऊन गेली.

भद्रशील हसला नाही. त्याने कमरेची पिशवी सोडून कोठाराच्या पायरीवर ठेवली आणि तो एकटा, रिकाम्या हातांनी वनाकडे चालू लागला. तसा तो जन्मात कुठे गेला नव्हता. पाड्यावर बांधलेली बिऱ्हाडे अजून सोडायची होती. सावरी निखाऱ्यावर कंद भाजत होती. भद्रशील तिच्यापुढे उभा राहिला आणि त्याने तीस वर्षांत कोणाला न विचारलेले विचारले.

"माय, तुम्ही काय खाता?"

सावरीने त्याला बसायला फळी दिली आणि अर्धा कंद, वर मध घालून, पानावर ठेवला. भद्रशीलाने कंद हातात घेतला, पण तो खाईना. इकडेतिकडे जमिनीवर बघू लागला. आधी मुंग्यांना घालायची सवय, ती जाते कुठे? सावरीच्या ते ध्यानात आले.

ती म्हणाली, "आधी तू खा, बाबा. त्यांचं सकाळीच झालंय."

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, जेतवनाच्या विहारात सांगितली. श्रावस्तीचा एक भिक्षू तक्रार घेऊन आला होता: आपण आणलेली खीर दक्षिणेकडून आलेल्या एका भिक्षूने घेतली नाही, म्हणजे तो संघाला तुच्छ लेखतो. दक्षिणेच्या भिक्षूला दूध पचत नव्हते, एवढेच. ते त्याला कोणी विचारले नव्हते. कथा ऐकून तक्रार करणारा उठला आणि दुसऱ्याच्या पात्राशी जाऊन बसला.

शास्त्यांनी जन्मांचा मेळ घालून सांगितले: त्या वेळचा राजा विजितसेन म्हणजे आजचा आनंद. पाड्याची मुखिया सावरी म्हणजे भिक्षुणी उप्पलवण्णा. मधाचा कुंभ संपवणारा नंदक म्हणजे भिक्षू लाळुदायी, आणि त्याची ती सवय अजून गेलेली नाही. कोठारप्रमुख भद्रशील म्हणजे हाच खिरीचा भिक्षू. आणि मुंगीसमोर पालथा पडलेला बैलांचा व्यापारी तो मीच होतो.

त्या जन्मी बोधिसत्त्वांनी जी पारमी, म्हणजे बुद्धत्वाकडे नेणारी साधना, पूर्ण केली तिचे नाव प्रज्ञा. अंग, ठाण आणि चाल बघितल्याशिवाय कोणाला वैरी न म्हणणारी.